न पाहिलेला काटा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ताईच्या पियानोच्या साउंडबोर्डला, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या मागच्या फळीला, भेग गेली आहे. ट्यूनरबाईंनी आज सकाळी साडेअकरा वाजता पियानो भिंतीपासून ओढून, मागून टॉर्च मारून खात्री केली. भेग साधारण दीड वीत लांब आहे, खालच्या निम्म्यात, उजव्या अंगाला.

एकतीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली, त्यामुळे हात असाच चालतो. आधी काय झालं, मग दुजोरा कोणी दिला. कोणामुळे झालं हे आम्ही तिसऱ्या परिच्छेदात ढकलत असू. इथेही ढकलतो आहे.

बाई न कळवता आल्या. म्हणाल्या, गल्लीतून चालले होते, म्हटलं बघून जावं. एरवी त्यांची वेळ मिळायला दोन महिने थांबावं लागतं. ताईचा पियानो त्या बावीस वर्षं लावतात. चहा नको म्हणाल्या. मधल्या चार पट्ट्या दाबल्या, मान तिरकी केली, झाकण उघडून आत हात घातला, एक खुंटी किल्लीने फिरवून पाहिली. ती सैल फिरली. मग पियानोवर ठेवलेलं ओलाव्याचं घड्याळ उचललं. काटा चोवीसवर होता. मग शेजारची वही उचलली. वहीत आज सकाळी आठचा आकडा होता अठ्ठेचाळीस. अक्षर माझं.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि वही होती तशी मिटून ठेवली. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पियानोच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलेलं आहे. प्रत्येक वेळी पियानो लावला की त्यावर तारीख, ओलावा आणि सही. बावीस वर्षांच्या ओळी. त्यांनी पेन काढलं तेव्हा मी म्हणालो, आकडा तेवढा आज नाही लिहिला तर चालेल का. माझ्या तोंडून हे गेलं. बासष्टाव्या वर्षी.

त्या म्हणाल्या, "हे कार्ड तुमचं नाही. माझंही नाही. पियानोचं आहे." आणि लिहिलं: चोवीस.

जाताना सूचना. ओल शोषणारं मशीन आत्ताच्या आत्ता बंद. हीटर या खोलीतून बाहेर. ओलावा हळूहळू वर आणायचा, रोज एखादा टक्का, घाई केली तर भेग वाढेल. आज लावण्यात अर्थ नाही, चोवीस तारखेला येते. जोरात वाजवू नका.

ताई अठ्ठावीसला येते आहे.

बुधवार, ४ फेब्रुवारी

तिसरा परिच्छेद.

ऑक्टोबरात ताई पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी घातली. तीन-चार महिने तिच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, राहायचं ठरलं. तळमजल्यावरचं तिचं घर बंद ठेवलं की भिंतींना ओल येते. बंद घरात पियानो मरेल, तुझ्याकडे माणसं आहेत, म्हणून तिने तो नोव्हेंबरात माझ्या पुढच्या खोलीत आणून ठेवला. मनगट बरं झालं की डॉक्टरांनी रोज अर्धा तास वाजवायला सांगितलं आहे. हात परत येणार तो याच पट्ट्यांवर.

सोबत घड्याळ, मशीन आणि चौकटींची वही दिली. वहीच्या पहिल्या पानावर आठ नियम. काटा पंचेचाळीस ते पंचावन्नमध्ये राहू दे. वर गेला तर मशीन लाव, खाली आला तर बंद कर. उन्हात नको, बाहेरच्या भिंतीला नको, हीटरजवळ नको. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, पाहून लिही. दर रविवारी पानाचा फोटो पाठव. आठवा नियम असा: शंका आली तर फोन कर, लाजू नकोस.

पहिले तीन आठवडे मी चोख होतो. पियानो आला तेव्हा हवा दमट होती, काटा अडुसष्टवर. मशीन लावलं. रोज टाकीभर पाणी निघायचं. हिने मशीनचं नाव 'तहानलेला' ठेवलं. महिन्याच्या शेवटी काटा पन्नासवर आला. मला वाटलं, जमलं.

डिसेंबरात थंडी सुरू झाली आणि माझे गुडघे धरले. घरात सगळ्यात उबदार खोली पियानोची. मी माझं टेबल तिथे आणलं, हीटर आणला आणि काट्याकडे पाठ करून बसलो. तहानलेला चालूच होता. त्याच्या टाकीत आता पाणी साठत नव्हतं. टाकी ओतायची कटकट गेली म्हणून मी खूश होतो. हवेत शोषायला काही उरलंच नव्हतं, हे डोक्यात आलं नाही.

आणि वही. डेस्कवर असताना हवामानाचा रकाना माझ्याकडे होता. वेधशाळेचा आकडा वेळेत आला नाही तर मी कालचाच घ्यायचो, एखादा अंश इकडे-तिकडे करून. एवढ्या वर्षांत एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. हा किस्सा मी घरी, लग्नकार्यात, निरोपसमारंभात शंभरदा सांगितला आहे. लोक हसतात. ताईही तिथे असायची. ती हसायची की नाही, आठवत नाही.

नऊ डिसेंबरपासून मी वहीत तेच केलं. शनिवारी रात्रीचं जेवण झालं की आठवड्याचे चौदा आकडे एकदम; या आठवड्यात रोजच्या रोज, पण तेही न पाहता. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. कालपासून मी माझ्या पाठीशी, दोन हातांवर असलेल्या घड्याळाचा विचार करतोय. मान वळवायची होती फक्त.

आजचा खरा आकडा: सकाळी पंचवीस, संध्याकाळी पंचवीस.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सव्वीस. हिला मी एवढंच सांगितलं होतं की हवा कोरडी पडली आणि लाकूड तडकलं. आज जेवताना ती सहज म्हणाली की त्यांच्याकडे एकीला कामावरून काढलं. ही इस्पितळाच्या औषध विभागात आहे. लसींच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा पाहून लिहायचं असतं. त्या मुलीने सोमवारीच आठवड्याचं पान भरून ठेवलं होतं.

मी म्हणालो, फारच झालं हे. ही म्हणाली, "हो ना," आणि मला आमटी वाढली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बसवाले आले होते. लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

हे ताईचे विद्यार्थी. अठ्ठावीस वर्षं शहर बस चालवली, निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ताईच्या दारात उभे राहिले की मला हे शिकवा. ताई नाही तोवर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता इथे सराव करायला येतात. बोटं भेंडीसारखी जाड, एका वेळी दोन पट्ट्या दाबल्या जातात. दोन वर्षांत एक धून बसली आहे, दुसरी निम्मी. मला 'संपादक' म्हणतात. मी उपसंपादक म्हणून निवृत्त झालो, पण ते 'उप' गाळतात आणि मी गाळू देतो.

या मंगळवारी मी त्यांना येऊ नका म्हणून कळवलं होतं. आज आले तर पियानो भिंतीपासून ओढलेला, मागे फळीवर ट्यूनरबाईंची खडूची खूण. हे काय म्हणून विचारलं. मी भेग दाखवली. खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग उभे राहून स्वतःचे हात पुढे धरले आणि म्हणाले, "माझ्यामुळेच. बाई कितीदा म्हणाल्या, हे स्टिअरिंग नाही."

मला त्या वेळी बोलायचं होतं. खरंच होतं. मी म्हणालो, "छे, तसं काही नसतं हो," आणि ते अशा आवाजात म्हणालो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस सभ्यपणा करतोय.

त्यांना ते तसंच वाटलं. डिसेंबरातच मला शंका आली होती, म्हणाले, आवाज बसल्यासारखा वाटत होता, तुम्हाला बोललो पण होतो. बोलले होते. मी तेव्हा म्हणालो होतो की थंडीत असंच असतं. चहा न घेता गेले. जिना उतरताना कठड्याला हातसुद्धा हलकेच लावत होते.

रविवार, ८ फेब्रुवारी

अठ्ठावीस.

ताईचा फोन. नेहमीप्रमाणे आधी म्हणाली, मधला सी वाजव बघू. दर रविवारी तिला फोनवरून ती एक पट्टी ऐकायची असते. माझ्या मते आठवण येते म्हणून. वाजवला. लाइन गेली की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली, "बरं." खोलीत गारठा आहे का, विचारलं. मी म्हणालो, तितका नाही. मग गुडघ्यांची चौकशी. जानेवारीपासून दर वेळी गुडघे विचारते. मोठ्या बहिणीचा जीव, दुसरं काय.

भेगेचं सांगितलं नाही. तिचं मनगट अजून पुरतं वळत नाही, आत्ता धक्का कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. फोन ठेवल्यावर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मंगळवारपासून मी खरे आकडे या डायरीत लिहितो आणि वहीत अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. म्हणजे आता पाहूनही खोटं लिहितोय. आधी निदान आळस होता.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मूर्खपणा. सकाळी काटा एकोणतीसवरच अडकला म्हणून दार लावून खोलीत किटली उकळत ठेवली, खुर्च्यांवर ओले टॉवेल टाकले. पाऊण तासात काटा एक्कावन्न. मी आनंदाने हिला दाखवायला गेलो. ती दारातच थांबली. म्हणाली, "वाफारा द्यायला त्याला काय सर्दी झालीय?" खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. खालच्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात.

ट्यूनरबाईंना फोन केला. आज नाइलाजाने का होईना, नियम आठ पाळला. त्या म्हणाल्या, दार उघडा, टॉवेल काढा, कोपऱ्यात एक पसरट पातेलं पाणी भरून ठेवा आणि त्याला विसरा, घड्याळाला विसरू नका. संध्याकाळी तेहतीस. पट्ट्या सुटल्या. गुडघे धरलेत. हीटर बाहेर गेल्यापासून मी टेबलाखाली पायांवर चादर घेऊन बसतो.

काल मंगळवार होता. बसवाले आले नाहीत.

रविवार, १५ फेब्रुवारी

छत्तीस.

बसवाल्यांनी ताईला फोन केला. तिनेच सांगितलं. माझ्या हाताने तुमचा पियानो फुटला, आता शिकायला येत नाही, माफ करा, असं म्हणाले. तिच्याकडून मिळालेली सरावाची पुस्तकंही कोणाबरोबर परत पाठवू, विचारत होते.

म्हणजे भेगेचं तिला कळलं, आणि माझ्याकडून नाही. मला वाटलं आता रागावेल. ती शांतपणे म्हणाली, "तुला काय वाटतं रे? त्यांच्या हाताने झालं असेल?"

असा सरळ प्रश्न मला आयुष्यात फार थोड्या वेळा कोणी विचारला असेल. उत्तर दोन अक्षरी होतं.

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

ती म्हणाली, बरं. गुडघे कसे आहेत? आणि मी गुडघ्यांबद्दल पाच मिनिटं बोललो.

सोमवार, १६ फेब्रुवारी

हिची आज सुट्टी. मी दूध आणायला गेलो होतो, परत आलो तर ही माझ्या टेबलाशी वही उघडून बसली होती. चष्मा नाकावर, बोट एका ओळीवर. विभागात पानं तपासताना ती अशीच बसत असणार.

"दहा आणि अकरा जानेवारी," ती म्हणाली. "चार आकडे आहेत. लग्नाच्या हॉलमधून काटा दिसत होता का?"

दहा आणि अकरा जानेवारीला आम्ही दोघं हिच्या भावाच्या मुलीच्या लग्नाला, पाच तासांच्या अंतरावर होतो. घराला कुलूप. एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास.

आणि मग मला आठवलं की त्या लग्नातला माझा कोटातला फोटो मीच ताईला पाठवला होता. तिचं उत्तर अजून फोनमध्ये आहे: "कोट छान दिसतोय." त्याच रविवारी, घरी परतल्यावर, मी तिला वहीचं पानही पाठवलं. लागोपाठ. वर कोट, खाली आकडे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या तारखा जुळवायचं काम केलं मी.

मी म्हणालो, ताईच्या लक्षात नसेल आलं. हिने चष्मा काढला. इतकी वर्षं संसार केल्यावर तिचं न बोलणं मला वाचता येतं असं मी समजतो, पण आज ते वाचायची हिंमत झाली नाही. जाताना एवढंच म्हणाली की मला फसवलंत ते राहू दे, मी घरचीच आहे, पण त्या भल्या माणसाने दोन वर्षं घालून एक धून बसवली आहे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

बसवाल्यांकडे जाऊन आलो. बस डेपोच्या मागे दोन खोल्या. दार उघडताना हातात कणकेचा गोळा होता; पत्नी गेल्यापासून स्वयंपाक स्वतःच करतात. "या संपादक," म्हणाले. मी म्हणालो, संपादक नाही. कधीच नव्हतो. तिथून सुरुवात केली, कारण कुठून तरी करायची होती.

सगळं सांगितलं. हीटर, मशीन, शनिवारचे चौदा आकडे, लग्न, किटली, आणि रविवारी ताईला दिलेलं उत्तर. ते शेवटचं सांगताना मी त्यांच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. भिंतीलगतच्या स्टुलावर पुठ्ठ्याची एक लांब पट्टी होती, तिच्यावर स्केचपेनने पियानोच्या पट्ट्या आखलेल्या. तिच्यावर बोटं हलवत असणार. आवाज न करता.

त्यांनी हात धुतले, पुसले, बसले. मला वाटलं होतं, 'जाऊ द्या हो' म्हणतील. मी जिना चढताना त्याची वाटही बघत होतो. ते म्हणाले नाहीत.

म्हणाले, "अकरा दिवस मी या हातांकडे बघत होतो. पेला उचलतानासुद्धा."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. सकाळी डेपोतून गाडी काढायच्या आधी ब्रेक तपासायचे आणि तपासले म्हणून कागदावर सही करायची. अठ्ठावीस वर्षं सही केली. त्यातल्या दोन दिवशी न तपासता केली, उशीर झाला होता म्हणून. काही झालं नाही. दोन्ही दिवस संध्याकाळी गाडी नीट परत आली. "पण ते दोन दिवस मला तारखेनिशी पाठ आहेत," म्हणाले. "तुमचे किती?"

मी हिशेब केला नव्हता. म्हणालो, मोजून सांगतो.

बाईंना तुम्हीच सांगा, मी सांगणार नाही, म्हणाले. दारापर्यंत आले. पुन्हा संपादक म्हणाले नाहीत.

बुधवार, १८ फेब्रुवारी

एकशे तेरा.

दिवसभर बसून वही दुरुस्त केली. नऊ डिसेंबरच्या सकाळपासून तीन फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत प्रत्येक आकड्यावर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी 'पाहिलं नाही'. आधी वाटलं, पहिल्या ओळीत लिहून खाली नुसत्या खुणा कराव्यात. मग वाटलं, तीसुद्धा पळवाट. एकशे तेरा वेळा लिहिलं. साठाव्या वेळेपर्यंत अक्षर चांगलं होतं.

तीन तारखेच्या संध्याकाळपासून पुढचे खरे आकडे या डायरीतून उतरवले. दहा आणि अकरा जानेवारीपुढे 'घरी नव्हतो' असंही लिहिलं. शेवटच्या पानावर: भेग माझ्यामुळे. बसवाल्यांचा काही संबंध नाही. रविवारी मी खोटं बोललो.

संध्याकाळी सहा वाजता सगळ्या पानांचे फोटो ताईला पाठवले. पाहिल्याच्या दोन खुणा लगेच आल्या. उत्तर नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

एकोणचाळीस. दिवसभर उत्तर नाही. हिने दोनदा विचारलं, काही आलं का. मी फोन चार्जिंगला लावला, काढला, लावला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सकाळी आठला पाच मिनिटं असताना ताईचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"आजचा आकडा?"

"एक्केचाळीस."

"बघून सांगतोयस?"

"समोर उभा आहे."

म्हणाली, काल एकोणचाळीस होता, म्हणजे दोन टक्के चढला, पातेलं थोडं लहान ठेव, रोज एकच सांगितलाय ना तिने. मी हो म्हणालो. ट्यूनरबाईंशी तिचं बोलणं कधी झालं, आणि कालचा आकडा तिला कसा कळला, हे विचारायचं राहून गेलं. हिला विचारलं तर म्हणाली, मी कामावर निघालेय, उशीर होतोय.

रागावली का, असं मी ताईला शेवटी विचारलंच. म्हणाली, "रागवायचं ते जानेवारीत रागावून झालं. आता मला तुझी लाज वाटत होती, ती जरा कमी झाली." फोन ठेवला.

जरा कमी. तिने तोललेलेच शब्द वापरले असणार. शिक्षिका आहे.

दुपारी चारला बसवाले आले. त्यांचंही ताईशी बोलणं झालं असावं. मला मान हलवून नमस्कार केला, स्टूल पुढे ओढलं, आणि वाजवण्याआधी घड्याळ उचलून डोळ्यांजवळ नेलं. माझ्या घरात, माझ्या देखत. मग वहीत माझा सकाळचा आकडा पाहिला. जुळत होता. बसले आणि इतक्या हलक्या हाताने वाजवलं की निम्मे सूर उमटलेच नाहीत. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. ते पूर्वी चुकत वाजवायचे, पण घाबरत नव्हते. हेही माझ्याच खाती.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

चव्वेचाळीस. ट्यूनरबाई आल्या, तीन तास काम केलं. स्वर एकदम वर ओढता येणार नव्हते, म्हणून दोन फेऱ्यांत ओढले. उन्हाळ्याआधी पुन्हा यावं लागेल. भेगेत लाकडाची पातळ पाचर बसवून ती भरता येईल, पण फळी वर्षभर स्थिर राहिल्यावर. वर्षभर.

डाव्या हाताच्या भागातला एक सूर वाजवला की किंचित जर्रर्र होतं. मला आधी ऐकू येईना. त्यांनी माझा हात धरून पियानोच्या मागच्या फळीवर ठेवला आणि ती पट्टी दाबली. तळहाताला लागलं. माशी कागदात अडकावी तसं. एकदा कळल्यावर आता प्रत्येक वेळी ऐकू येतं. भेग भरेपर्यंत राहणार, म्हणाल्या. ताईंना पहिल्या मिनिटात सापडेल.

कार्डावर तारीख लिहिली आणि पेन थांबवून मला विचारलं, ओलावा किती? घड्याळ त्यांच्या कोपराशीच होतं. मी वाकून पाहिलं, सांगितलं. त्यांनी स्वतः पाहिलं, मग लिहिलं. चोवीसच्या खाली चव्वेचाळीस. दोन ओळींमध्ये एका रेघेचंही अंतर नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

पंचेचाळीस, दोन्ही वेळा.

भाचीचा फोन आला होता. उद्या सकाळी अकराच्या सुमारास ती ताईला घेऊन इथेच येते आहे. सामान आधी उतरवायचं नाही, आई म्हणते आधी पियानो. मनगट बरंच वळतं, मूठ पूर्ण मिटते. डॉक्टरांनी बोटांना काम द्या म्हटल्यामुळे आई विणकाम करत होती. मामा, तुझ्यासाठी लोकरीचे गुडघ्याचे पट्टे विणलेत, जाड, दुहेरी. कधीपासून, मी विचारलं. म्हणाली, जानेवारीच्या मध्यापासून, एक तर तीनदा उसवला.

माझ्या गुडघ्यांना हीटरशिवाय राहावं लागणार हे तिला तेव्हाच कसं सुचलं कोण जाणे. तेव्हा तर हीटर चालू होता.

खोली झाडली. माझं टेबल आतल्या खोलीत नेलं. पातेल्यातलं पाणी बदललं. पियानो भिंतीपासून ट्यूनरबाईंनी सांगितलेल्या अंतरावर आहे का, ते टेपने मोजलं. बसवाल्यांना फोन केला. चारला येतो म्हणाले. ताईने त्यांना ती बसलेली धून वाजवायला सांगितली आहे, पूर्वीच्याच हाताने, असं बजावून. मी इथे असू नये असं वाटत असेल तर बाहेर जाईन, म्हणालो. म्हणाले, नको, बसा.

म्हणजे अकराला ताई येईल. डाव्या हाताने तो एक सूर आधी वाजवेल, ट्यूनरबाईंनी सांगितलेला, आणि जर्रर्र ऐकेल. त्या वेळी मी कुठे उभं राहायचं, ते अजून ठरलेलं नाही. चारला बसवाले.

भाचीकडून मी ताईला विचारून घेतलं की उद्यापासून घड्याळ आणि वही तिच्या हवाली करायची का. मागे तिचा आवाज ऐकू आला. भाचीने निरोप तसाच सांगितला: वही त्याच्याकडेच. संध्याकाळी आठला तो वाचेल, मी शेजारी उभी राहीन.